दगडापेक्षा भिंत मऊ

भिवंडी तालुक्यात दगडाला तोटा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, निवले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्याच पाठीवर बसलेला आहे. दापोड्याच्या आसपासच्या लोकांनी तो फोडून शेताचे बांध घातले, विहिरी बांधल्या, पाटे-वरवंटे आणि जाती घडवली. उरलेल्याची खडी करून रस्त्यावर टाकली आणि रस्ता वाहून गेल्यावर पुन्हा टाकली. अशा गावात एखाद्याने दुकानात जाऊन, घासाघीस करून दगड विकत आणावा आणि तोही घराच्या आत, हॉलच्या चांगल्या रंगवलेल्या भिंतीला चिकटवावा, ही खरं तर बातमी आहे. ती छापून येत नाही, कारण आता सगळेच चिकटवतात.

या लेखातला दादूस हा कुणी एक इसम नव्हे. दापोडे, वळ, गुंदवली, माणकोली या पट्ट्यात बंगला बांधलेला, हॉलची एक भिंत मोकळी राहिलेला आणि त्या मोकळ्या भिंतीपायी झोप उडालेला जो कोणी असेल, तो दादूस. आगरी माणूस थोरल्या भावाला दादूस म्हणतो. एरवी थोरल्या भावाला लोक विचारायला येतात; घराचं काम काढलेल्या दादूसला मात्र सगळे सांगायला येतात.

इथे बंगले उठले ते गोदामांच्या भाड्यावर, आणि गोदामं उठली ती मुंबईच्या जकातीमुळे. माल मुंबईच्या हद्दीत शिरला की जकात भरा. तेव्हा तो हद्दीबाहेर पण हाकेच्या अंतरावर थोपवून धरायचा, या साध्या व्यापारी हिशेबाने दापोड्याच्या भातशेतांवर पत्र्याची छपरं चढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. आज देशात कुणीही फोनवर बोट टेकवून मागवलेली चप्पल, मिक्सर किंवा पाळीव मांजराची गादी या पट्ट्यात एक रात्र मुक्काम करून पुढे जायची शक्यता बरीच आहे. इतक्या वस्तू डोळ्यांसमोरून जात असताना माणसाने साधी रंगवलेली भिंत बघत बसायचं म्हणजे फार झालं.

सुरुवात नेहमीप्रमाणे फोनपासून. चाळीस-पन्नास सेकंदांचा व्हिडिओ. दोन गोरे हात येतात, भिंतीला मलई फासतात, दगडाची पट्टी अलगद टेकवतात, ती चिकटते. मागे पियानो. शेवटी दिवा लागतो, कोपऱ्यात एक झाड उगवतं आणि सोफ्यावर मांजर येऊन बसतं. या व्हिडिओत कुणी धूळ झाडत नाही, कुणी पायरीवर बसून तंबाखू मळत नाही, ‘उद्या नक्की येतो’ असं सांगून चार दिवस फोन बंद ठेवत नाही. दादूसने तो व्हिडिओ बायकोला दाखवला. बायकोने तो आधीच पाहिलेला होता. खरं तर तिनेच तो त्याच्या फोनवर पाठवला होता.

घरात विरोधी पक्ष एकच, म्हणजे म्हातारी आई.

“भिंतीला दगर लावतंस? आमी जल्मभर वावरातले दगर येचून बांधावर टाकले, न् तू पैसं देऊन घरात आनतंस?”

“आये, हा नॅचरल स्टोन आहे.”

“मंग बांधावरचे काय प्लॅस्टिकचे व्हते?”

याला उत्तर नसल्यामुळे दादूस गाडी काढून दुकानात गेला.

दगडाच्या दुकानात पाऊल टाकलं की भूगोलाचा तास सुरू होतो. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला, तांदूर तेलंगणातला, मकराना राजस्थानचा, अंबाजी गुजरातचा. कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याहून येतो, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. कडप्पा म्हणजे ओट्याखाली डबे ठेवायचा काळा कप्पा, याच समजुतीत त्यांची हयात गेलेली असते. दादूसने सहज विचारलं, “आपल्याकडचा काही नाही का?”

“आहे ना,” दुकानदार म्हणाला. “बाहेर. खडीत.”

वास्तविक या बिचाऱ्या खडीच्या खानदानाने चांगले दिवस पाहिलेले आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं, आणि अंगभर कोरलेलं आहे ते याच काळ्या पाषाणात. मुंबईतलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कुर्ल्याच्या आणि मालाडच्या खाणींतल्या दगडाचं आहे. १९२४ साली पुरं झालेलं गेटवे ऑफ इंडिया पिवळसर बेसॉल्टचं. पण दगड जवळ मिळाला की त्याची किंमत उतरते. तो निदान दोन राज्यं ओलांडून यावा लागतो. तिसऱ्या राज्यातला असला तर त्याला इंग्रजी नाव मिळतं.

दादूसला आवडला तो जैसलमेरचा पिवळा. तसा तो चुनखडक, पण दुकानात त्याला सरसकट मार्बल म्हणतात. त्याच्या बारीक पट्ट्या एकावर एक, मागेपुढे करून चिकटवलेल्या, दीड-दोन फुटांची तयार पॅनलं. दुकानदाराने नमुना हातात दिला. फिकट, थोडा आजारी दिसत होता. मग दुकानदाराने कोपऱ्यातली पाण्याची बाटली घेतली आणि त्याच्यावर शिंपडली. त्याबरोबर दगड सोन्यासारखा झळाळला, त्यातल्या तांबूस रेघा वर आल्या आणि दादूसने खिशात हात घातला. भारतातल्या दगडाच्या प्रत्येक दुकानात ही बाटली असते. तिच्यावर जितका धंदा चालतो तितका विक्रेत्याच्या जिभेवर चालत नसेल. घरची भिंत चोवीस तास ओली राहणार नाही, हा विचार गिऱ्हाइकाच्या मनात येतो तो पाणी वाळल्यावर, आणि तोवर आगाऊ रक्कम देऊन झालेली असते.

खोकी आली. माल जैसलमेरहून हजारेक किलोमीटर विनासायास आला आणि माणकोली नाक्याला येऊन अडकला. वाहतूक कोंडी या भागात पाहुण्यासारखी येत नाही, ती इथलीच रहिवासी आहे. दुपारी पोचणारा टेम्पो रात्री अकराला दारात उभा राहिला आणि ड्रायव्हरने उतरवण्याचे वेगळे पैसे मागितले. पहिलं खोकं फोडलं. दोन पॅनलं पिवळी, तीन बदामी, एक सरळसरळ गुलाबी. दादूसने रात्रीच फोन लावला.

“शेठ, रंग वेगवेगळे आलेत.”

“नॅचरल आहे ना.”

“एकावर डाग आहे. गोगलगायीसारखा.”

“तेच सांगतोय. नॅचरल आहे.”

दुकानदाराला माहीत नसलं तरी तो शंभर टक्के खरं बोलत होता. जैसलमेरचा हा चुनखडक ज्युरासिक काळातला, म्हणजे दापोड्याच्या पाषाणाहून वयाने कितीतरी वडील. आज जिथे उंट फिरतात तिथे तेव्हा समुद्र होता, आणि त्याच्या तळाशी साठलेल्या गाळात शंखशिंपले गाडले गेले. म्हणजे ज्याला दादूस डाग म्हणत होता तो दहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा एखादा जलचर असायची दाट शक्यता होती. संग्रहालयात तो काचेमागे असता आणि दादूसने तिकीट काढून पाहिला असता. इथे त्याने खडूने फुली मारली आणि तो ‘बदली माल’ म्हणून बाजूला ठेवला.

माणसाला निसर्ग हवा असतो तो असा: अस्सल हवा, पण एकसारखा, जुना हवा, पण डाग नको, खडबडीत हवा, पण धूळ बसायला नको. कारखान्यातली टाइल नेमकी तशीच मिळते आणि स्वस्तही असते, पण ती कृत्रिम म्हणून नको. खरं तर अशा दगडाची लावायची रीत साधी आहे. सगळी खोकी आधी फोडायची, सगळी पॅनलं जमिनीवर भिंतीच्या मापात मांडून बघायची, गडद-फिकी आपसात मिसळून घ्यायची आणि मग चढवायची. दादूसच्या बायकोने तशी ती मांडली. मग ती पाहायला जाऊबाई आल्या आणि त्यांनी दोन बदलली. शेजारीण आली, तिने चार बदलली. संध्याकाळी शाळेतून आलेल्या पोरांनी त्याच्यावरून लंगडी घातली. सकाळी मिस्त्री आला तेव्हा गुलाबी पॅनलं सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली होती, आणि हे कसं झालं ते कुणालाच सांगता येईना.

मिस्त्रीच्या आगमनाला या सगळ्या प्रकारात मानाचं स्थान आहे. तो एकटा येत नाही. त्याच्यामागे एक पोरगा असतो, तो बादली धरतो आणि फोनवर गाणी लावतो. मिस्त्रीने ओळंबा सोडला, गुण्या लावला, नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना लेव्हल धरली, एक डोळा मिटला आणि डॉक्टरने एक्स-रे बघून मान हलवावी तशी मान हलवली.

“भिंत तीन सूत बाहेर आहे. कुणी केलं हे प्लास्टर?”

“तूच,” दादूस म्हणाला.

मिस्त्रीने ओळंबा पुन्हा एकदा सोडून पाहिला. “तेव्हा बरोबर होती.”

आता वजनाचा मुद्दा. हा मुद्दा व्हिडिओत नव्हता. दोन सेंटिमीटर जाडीचा चुनखडक किंवा संगमरवर घेतला तर एका चौरस मीटरला पन्नास किलोंच्या पुढे वजन भरतं. बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंत म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. दगडाचे झाले सहाशे किलोंच्या जवळपास. त्यात चिकटवायचा मसाला धरा. म्हणजे हॉलमध्ये टीव्हीच्या मागे एक चांगली दुभती म्हैस टांगायची आणि ती जन्मभर तिथेच राहील अशी अपेक्षा धरायची. म्हैस टांगायची तर खुंटी कशी आहे हे कुणीही आधी बघेल. भिंतीच्या बाबतीत ते बघत नाहीत. विटेची आणि सिमेंट प्लास्टरची भिंत असेल तर ठीक. पण वर पुट्टी, तिच्यावर रंगाचे तीन हात, असं असेल तर दगड भिंतीला चिकटतच नाही, रंगाला चिकटतो. मग रंग भिंतीला जितका धरून राहील तितकाच दगड राहणार. जिप्समचं प्लास्टर असेल तर आणखी पंचाईत. त्याच्यावर सिमेंटचा मसाला थेट चालत नाही, मधे प्रायमर लागतो. दगडापेक्षा वीट मऊ हे आपल्याकडे पोराबाळांना ठाऊक असतं. विटेपेक्षा प्लास्टर मऊ आणि प्लास्टरपेक्षा पुट्टी मऊ, हा पुढचा धडा ज्याचा त्याने आपापल्या खर्चाने शिकायचा असतो.

याबाबतीत दापोड्याने कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. शिकागोत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टँडर्ड ऑइल कंपनीने ८०हून जास्त मजल्यांची इमारत उभी केली आणि तिला इटलीतल्या करारा इथल्या संगमरवराच्या ४३ हजार पातळ लाद्या लावल्या. सुरुवातीलाच एक लादी निसटली आणि शेजारच्या इमारतीच्या छपरात घुसली. काही वर्षांत ऊन-थंडीने लाद्या पापडासारख्या वाकायला लागल्या. आधी त्यांना स्टीलच्या पट्ट्यांनी आवळून धरलं, आणि अखेर १९९० ते १९९२ या काळात सगळा संगमरवर उतरवून ग्रॅनाइट चढवला. खर्च ८ कोटी डॉलरच्या घरात. उतरवलेल्या संगमरवराचा मोठा भाग चुरा करून कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारात शोभेसाठी पसरला. म्हणजे शेवटी तिथेही खडीच झाली.

हेलसिंकीतल्या फिनलंडिया हॉलची कथा याहून सरस आहे. आल्वार आल्टो हा जगात नावाजलेला वास्तुविशारद. त्याची ही इमारत १९७१ साली खुली झाली, बाहेरून त्याच करारा संगमरवराची. तोही वाकला. १९९९ पर्यंत सगळा काढला आणि बऱ्याच चर्चेनंतर त्याजागी नवीन लावला. कुठला? करारा संगमरवर. तोही वाकला. एवढ्या शिकल्यासवरल्या देशात हे घडतं, तर दादूसने पुट्टीवर दगड लावायचा हट्ट धरला यात विशेष ते काय? घरातल्या भिंतीला निदान बर्फ तरी लागत नाही. (हे लिहिणाऱ्याच्या घरी अजून डिस्टेंपर आहे, तेव्हा मजकुरात थोडा मत्सर मिसळलेला असल्यास चालवून घ्यावा.)

मिस्त्रीने छिन्नी-हातोडीने रंग आणि पुट्टी खरवडून भिंतीवर खाचे पाडायला घेतले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे खरं; पण आपल्याकडे घाव भिंतीने सोसायचे आणि देवपण टीव्हीला मिळायचं, अशी वाटणी आहे. या कामात जी धूळ उडते तिला रस्ते सगळे माहीत असतात. बंद कपाटातल्या पैठणीच्या घडीत ती सापडते, फ्रिजमधल्या दह्यावर सापडते. कटरने दगड कापताना पाणी सोडून कापावा आणि तोंडाला मास्क लावावा, एवढं तरी पाळायला हवं, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. पोरग्याला मास्क दिला. तो त्याने हनुवटीला लावला.

मग चिकटवायच्या मसाल्यावरून तीन पक्ष पडले. मिस्त्रीचा पक्ष सिमेंट-रेतीचा: “बापजाद्यांपासून लावतोय.” दुकानदाराचा पक्ष पोत्यातल्या तयार अ‍ॅडेसिव्हचा. दादूसच्या मेव्हण्याचा पक्ष इंटरनेटचा. या मसाल्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५४७७. पहिल्यांदा २००५ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं. पोत्यावर ते छापलेलं असतं. ते वाचणारा मेव्हणा मात्र घराघरात वेगळा असतो. हा वाचणारा निघाला. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं: दातेरी थापीने मसाला एकाच दिशेने ओढावा, दगडाच्या पाठीलाही हात मारावा, आणि फासल्यापासून साधारण वीस मिनिटांत दगड टेकवावा, त्यानंतर वर साय धरते आणि दगड चिकटल्यासारखा दिसतो, चिकटत नाही.

वीस मिनिटं! सगळं गणित इथे फिसकटलं. मसाला फासून झाला की चहा येतो, हा बांधकामाचा निसर्गनियम आहे. चहा आला की मिस्त्री पाटावर बसणार, बशीत ओतणार, फुंकर मारणार. मग गावाकडून फोन येणार. फोनवर कुणाच्या तरी म्हशीचा व्यवहार पंचवीस मिनिटं चालणार. एकदा मेव्हणा हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवून दारात उभा राहिला. मिस्त्रीने त्यालाही एक कप पाठवला.

त्यात मिस्त्रीला जुनी सवय. दगडाच्या पाठीला मसाल्याचे पाच गोळे ठेवायचे, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, आणि दाबून द्यायचं. लावायला झटपट, तिरकी भिंतही त्यात सावरून जाते, आणि मागे सगळी पोकळी. हे ओळखायची युक्ती फार सोपी आहे: वाळल्यावर दगडावर नाणं वाजवायचं. भरीव असेल तर टक् येतो, पोकळ असेल तर ढप्. मेव्हण्याने ही युक्ती घरात सांगितली ती चूक झाली. त्या दिवसापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण खिशातून पाचाचं नाणं काढून भिंतीशी कान लावून उभा राहू लागला. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो; इथे कानांना भिंत मिळाली. जाऊबाईंनी खालून चौथ्या ओळीत दोन ढप् शोधले, शेजारणीने तिसरा. मिस्त्रीने ते काढले आणि पाठ पूर्ण फासून पुन्हा बसवले, पण त्या दिवसापासून त्याने नाण्यावर विश्वास ठेवणं सोडलं आणि मजुरी फोनवर घेऊ लागला.

खरी शोभा स्विचबोर्डापाशी. व्हिडिओतल्या भिंतीला बटणं नसतात. दादूसच्या भिंतीला टीव्हीचं एक, सेट-टॉप बॉक्सचं एक, इन्व्हर्टरचं एक, आणि कशाचं ते आता कुणालाच आठवत नाही असं एक, अशी चार बोर्डं होती. प्रत्येकासाठी दगडात चौकोन कापायचा. चौकोन कापताना कोपऱ्यात पट्टी मोडते, मोडली की दुसरी घ्यायची. म्हणून माल घेताना मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, असं जाणते सांगतात. दादूसने दहा टक्के जास्त सांगितला होता. त्यातला अर्धा फुली मारून परत पाठवलेला. शेवटच्या ओळीला तीन पॅनलं कमी पडली. नवी मागवली ती दुसऱ्या खाणीच्या लॉटमधली, चक्क पांढरी. दुकानदाराला फोन करायच्या आधीच पोरांनी एका सुरात सांगितलं, “नॅचरल आहे ना!” मग परत पाठवलेला शंखाचा माल दादूसने विनवण्या करून परत आणवला, आणि तो ज्युरासिक जीव टीव्हीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, मानाने बसला.

काम संपलं असं वाटत असतानाच वडील पुढे सरसावले. त्यांनी आयुष्यात एक गोष्ट पक्की शिकलेली: सिमेंटला पाणी मारायचं. ते रोज सकाळ-संध्याकाळ बादली आणि मग घेऊन हॉलमध्ये भिंतीला आंघोळ घालू लागले.

“बाबा, पोत्यावर लिहिलंय, याला पाणी मारायचं नाही.”

“पाणी मारल्याबिगर शिमिट धरतंय का? पोत्यावर लिवनाऱ्यानं घर बांधलंय का कवा?”

आठवड्याने दगडावर पांढरी भुकटी उमटली. वडील म्हणाले, “बघ, आत्ता धरलंय.” तो होता लोणा. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार दगडावर राहतात. वाळू देऊन कोरड्या ब्रशाने झाडला तर बराचसा जातो. पण एका सल्लागाराने अ‍ॅसिडने धुवायला सांगितलं, आणि इथे मेव्हण्याने पहिल्यांदाच आवाज चढवला, ते बरं झालं. चुनखडक आणि संगमरवर दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिड पडलं की फसफसतात आणि त्यांची झिलई जाते. त्यासाठी बाटलीतलंच अ‍ॅसिड लागतं असंही नाही. लिंबू चालतं, चिंच चालते, आमसुलाचं आगळ चालतं. म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या माशांच्या कालवणात जे जे पडतं, ते ते या दगडाचं वैरी. यावर उपाय म्हणजे दगडात मुरणारा सीलर: दगड पूर्ण वाळल्यावर, सांधे भरायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मारायचा. तो डाग आत मुरू देत नाही, पण आंबटाने जाणारी चमक वाचवत नाही. सीलर आणला. डब्यावरची सूचना वाचेपर्यंत वडिलांनी त्याच्यात पाणी घातलं होतं.

अखेर एकदाची भिंत उभी राहिली. छतात, भिंतीला लागून, खाली प्रकाश टाकणारे दिवे बसवले होते. रात्री सगळ्या घराला समोर बसवून दादूसने बटण दाबलं. दिवसा ज्या भिंतीला कुणी नाव ठेवलं नव्हतं तिच्या पट्टीपट्टीची सावली पडली. कुठली केसभर पुढे, कुठली मागे, शेवटची ओळ डावीकडे उतरलेली, सगळं चव्हाट्यावर आलं. भिंतीला घासून जाणारा उजेड एका सुताचा फरक एका इंचाएवढा करून दाखवतो. मिस्त्रीने शांतपणे पाहिलं.

“दिवा सरळ नाही,” तो म्हणाला.

यथावकाश भिंतीला रहिवासीही मिळाले. पट्ट्यांच्या मागेपुढे असलेल्या कडा म्हणजे धुळीसाठी बांधून काढलेली फळीच. गोदामांच्या रस्त्यावरून दिवसरात्र कंटेनर जातात, आणि त्यांनी उडवलेल्या मातीचा हिस्सा प्रत्येक कडेवर रोज जमा होतो. दोन पालींनी बोर्डाच्या वरच्या खाचेत संसार थाटला. पिवळ्या दगडावर त्या दिसतही नाहीत, फक्त दादूस काही ठामपणे बोलला की चुकचुकतात. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने दात घासायचा जुना ब्रश घेतला, एका ओळीवर फिरवला, उरलेल्या ओळी मोजल्या आणि ब्रश दादूसच्या हातात दिला.

पाहुण्यांचं म्हणाल तर त्यांचे तीन प्रकार. पहिला नखाने ओरखडून बघतो आणि “खरा आहे का?” विचारतो. दुसरा किंमत विचारतो, ऐकतो, आणि आपल्या ओळखीत निम्म्यात झालं असतं असं सांगतो. तिसरा सगळ्यात जीवघेणा. तो सोफ्यावर बसतो, चहाचा घोट घेतो, भिंतीकडे कौतुकाने बघतो आणि म्हणतो, “वॉलपेपर झकास आहे हो. कुठून घेतला?”

पुढच्या उन्हाळ्यात दादूसच्या धाकट्या भावाची हळद आली. आगरी घरातली हळद म्हणजे अख्खं गाव, बँजो आणि मध्यरात्रीपर्यंत नाच. आदल्या दिवशी डेकोरेटर हॉल बघून गेला. त्याने भिंतीसमोर मोबाइल धरला, मागे सरकला, पुन्हा धरला.

“शेठ, ही झाकायला लागेल. हळद पिवळी, भिंत पिवळी. फोटोत नवरा दिसणारच नाही.”

त्याने भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक भलामोठा फ्लेक्स ताणला. फ्लेक्सवर छापलेली होती दगडी भिंत. काळ्या, ताशीव, एकसारख्या दगडांची, एकही डाग नसलेली. सगळ्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. पंगतीच्या वेळी दादूसचा शेजारी त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा होता. मग त्याने पानावर बसलेल्या मिस्त्रीला खांद्याला धरून उठवला आणि विचारलं, “आमच्या हॉलला असाच लावायचा. हाच माल मिळेल?”

मिस्त्रीने उष्टा हात तसाच ठेवून फ्लेक्सकडे नजर टाकली.

“मिळेल ना. फक्त शेड थोडी वर-खाली येणार, शेठ. नॅचरल आहे.”